खोक्यावरचा चौकोन आणि पुस्तकातला धडा



पवना नदीच्या अलीकडे, काळेवाडी आणि पिंपळे सौदागर यांच्या मध्ये रहाटणी आहे. तिला गाव म्हणायचे ते आता केवळ सवयीने. नाव ऐकले की विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे येतो. पण आज तेथे मोट नाही की पाट नाही, इमारतींच्या रांगा आहेत आणि सारा परिसर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. नदी ओलांडली की पिंपरी, तिच्या पुढे भोसरी, आणि उत्तरेला चाकण. सकाळी पाळीच्या वेळेला कंपन्यांच्या बसगाड्या चौकाचौकांत उभ्या असतात. त्यांत चढणारी माणसे कोणी लातूरची, कोणी बीडची, कोणी बुलढाण्याची, कोणी पार बिहार-उत्तर प्रदेशातली.

अशाच एखाद्या कामगाराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. तो मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्टोअरला आहे. माल आला की खोक्यावरची चिठ्ठी पाहायची. त्या चिठ्ठीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यावर हातातले यंत्र धरले की माल कोणता, नग किती, कोठून आला, सगळे कळते. संध्याकाळी तो घरी येतो. पोर दप्तर उघडून बसलेली असते, आणि तिच्या बालभारतीच्या पुस्तकात तोच चौकोन! बाबांचा मोबाइल घेऊन ती त्यावर धरते, आणि धड्याची चित्रफीत सुरू होते.

कारखान्यातल्या खोक्यावरची खूण शाळेच्या पुस्तकात आली कशी? आज मला तीच हकीकत सांगायची आहे. धडा कोण तयार करतो, तो मुलापर्यंत कोणत्या वाटेने जातो, आणि मुलाचा प्रश्न त्या वाटेने परत येतो की नाही, हा या हकीकतीतला खरा मुद्दा आहे.

सुरुवात आमच्या रेडिओपासूनच केली पाहिजे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे तीनच वर्षांनी, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, या केंद्रावरून एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे बांधली गेली. कॅनडातील शेतकऱ्यांची अशी मंडळे हा त्याचा नमुना होता. गावातली पंधरा-वीस माणसे संध्याकाळी एका ठिकाणी जमत, रेडिओवर शेतीचा, आरोग्याचा किंवा असाच एखादा कार्यक्रम ऐकत, आणि मग रेडिओ बंद करून त्यावर बोलत. असे वीस कार्यक्रम झाले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या मंडळांचे सूत्र होते.

एवढ्यावर भागले असते तर आज त्याची आठवण काढायचे कारण नव्हते. पण मंडळाचा निमंत्रक चर्चेचा वृत्तांत आणि मंडळाचे प्रश्न पुण्याला लिहून धाडी, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांतल्या प्रश्नांना उत्तरे मिळत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत या प्रयोगाची तपासणी केली. त्याने मंडळांची गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशी गावे, यांची तुलना केली. ज्ञानात सर्वांत मोठी भर मंडळांच्या गावांत पडली होती. म्हणजे नुसता डबा आणून ठेवल्याने फारसे काही होत नाही, त्याच्याभोवती माणसे बसावी लागतात, हे १९५६ सालीच मोजून सिद्ध झाले होते. पुढच्या साठ वर्षांत ही गोष्ट आपण किती वेळा विसरलो, ते विचारू नका!

आता रहाटणीसमोरच्या नदीपलीकडे जाऊ. पिंपरी-चिंचवडचा टेल्कोचा कारखाना, म्हणजे आताची टाटा मोटर्स, या भागातल्या घराघराला माहीत आहे. १९७५ साली कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेला एक तरुण अभियंता टेल्कोत मालमोटारींच्या कामावर लागला. त्याचे नाव अरविंद गुप्ता. नोकरी चांगली होती, भवितव्य होते. पण १९७८ साली त्याने वर्षभराची अभ्यासरजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (हा जिल्हा आता नर्मदापुरम म्हणून ओळखला जातो) एका खेडेगावची वाट धरली. तेथे १९७२ पासून सोळा माध्यमिक शाळांत एक निराळा विज्ञान-कार्यक्रम चालला होता. मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, आणि प्रयोगाचे साहित्य गावात मिळेल ते घ्यायचे.

तेथल्या आठवड्याच्या बाजारात या अभियंत्याला सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. तुम्ही-आम्ही ती शंभरदा पाहिलेली आहे. तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, दोन्ही टोकांत आगकाडीची एकेक काडी खुपसा. झाला सांधा! वाकवाल तसा वाकतो. तीन काड्या अशा जोडल्या की त्रिकोण होतो, आणि तो कितीही दाबा, आकार सोडत नाही. चार काड्या जोडून चौकोन करा. जरा दाबला की तो कलंडतो, तिरपा होतो. त्याच्या आत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी एक काडी घाला, लगेच ताठ उभा राहतो. छपराच्या कैच्या, पुलाचे सांगाडे, क्रेनचा लांब हात हे सगळे त्रिकोणांनीच का भरलेले असतात, ते पोराला फळ्यावर न लिहिता कळते. टेल्कोत लोखंडाच्या सांगाड्यांत वावरलेल्या माणसालाच हे आगकाडीत दिसावे, यात मला मौज वाटते. कारखान्यातून शाळेत आलेली ही पहिली गोष्ट. दुसरी पुढे येईल.

या काड्यांवर गुप्तांनी पुस्तक लिहिले, ते अनेक भारतीय भाषांत गेले. त्यानंतर कितीतरी पुस्तके आली, दूरदर्शनवर कार्यक्रम झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ २००३ नंतरचा. पुणे विद्यापीठाच्या आवारात जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तेथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका निघाली. तिच्या इमारतीचे नाव पुलस्त्य. हे सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे नाव, आणि त्यात पु. ल. ही अक्षरेही आली, कारण पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी या कामाला होती. अरविंद गुप्ता २००३ ते २०१४ पर्यंत येथे होते. विदुला म्हैसकर, अशोक रुपनर यांच्यासारखे सहकारी त्यांना मिळाले, आणि या मंडळींनी खेळण्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती बनवायला घेतल्या.

या चित्रफिती कशा बनतात ते शिक्षकांनी नीट पाहण्यासारखे आहे. टेबल, त्यावर दोन हात, आणि हातांत टाकाऊ वस्तू. वक्त्याचा चेहरा नाही, प्रस्तावना नाही, पाहुण्यांचे स्वागत नाही. एक-दोन मिनिटांत खेळणे तयार होते आणि चालू लागते. बोलणे चित्राला नंतर जोडलेले. त्यामुळे तीच चित्रफीत मराठीत, तीच हिंदीत, तीच तमिळमध्ये; चित्र एक आणि आवाज अनेक. हजारो चित्रफिती अशा झाल्या आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहायला, उतरवून घ्यायला ठेवल्या गेल्या. त्यांच्या जोडीला मुलांची आणि शिक्षणावरची हजारो पुस्तके. विकत काही नाही, नाव नोंदवा असे नाही. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण मराठी शिक्षकाला संगणकावर धडा तयार करताना सर्वांत जास्त छळले ते कॅमेऱ्याने नव्हे, अक्षरांनी. हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही. संगणक आला तेव्हा त्याला इंग्रजी अक्षरे येत होती, आपली येत नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिच्या जिस्ट या तंत्राने केले. पण बाजारात निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फाँट आले, आणि प्रत्येकाची आतली जुळणी वेगळी. एका गुरुजींनी रात्र जागून टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची भेळ दिसे. ‘तुमच्याकडे कोणता फाँट आहे?’ हा प्रश्न त्या काळी ‘तुमचे गाव कोणते?’ इतक्या सहज विचारला जाई. धडा तयार होता, पण वाटता येत नव्हता.

यातून सुटका झाली युनिकोडने. कल्पना अगदी सोपी आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. १९९१ साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. आपल्या ‘अ’चा क्रमांक २३०९, ‘क’चा २३२५. फाँट बदलला तरी क्रमांक बदलत नाही, म्हणून अक्षर बदलत नाही. प्रत्यक्षात सगळी यंत्रे हे मानू लागायला आणखी बरीच वर्षे गेली. मराठीपुढे तर एक खास अडचण होती, ती अर्ध्या ‘र’ची. हिंदीत ‘ऱ्य’ लागत नाही, आपल्याला लागतो. तो नीट उमटला नाही तर ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे’ या वाक्याचे ‘आचार्यांना मानधन द्यावे’ होते, आणि स्वयंपाकघरातला पैसा मठात जातो! असो. पुढे मोबाइलवर मराठी टंकणे सोपे झाले, आणि २०१७ मध्ये गूगलने बोलून मराठी लिहिण्याची सोय केली. ज्यांची बोटे कळफलकावर चालत नव्हती, अशा कितीतरी गुरुजींची आणि बाईंची वाट तेव्हा मोकळी झाली.

आता कारखान्यातून आलेली दुसरी गोष्ट. यासाठी आपल्याला जपानला जावे लागेल. पण तेथेही मोटारींचे सुटे भागच आहेत, तेव्हा चाकणच्या माणसाला परके वाटणार नाही. डेन्सो ही टोयोटाच्या गटातली सुटे भाग करणारी मोठी कंपनी. तिच्या कारखान्यांत खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड लावलेले असत. बारकोडात मजकूर मावतो थोडा, जेमतेम वीसेक अक्षरे. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत, आणि कामगाराला ते एकामागून एक वाचावे लागत. दिवसभर तेच. कामगार वैतागले. मासाहिरो हारा या अभियंत्याकडे हे गाऱ्हाणे आले, आणि एका सहकाऱ्याला घेऊन ते कामाला लागले.

हारा जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळत. पटावर उभ्या-आडव्या रेघा आणि त्यांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या, असा तो खेळ. त्या पटावरून त्यांना सुचले की माहिती एकाच दिशेने कशाला, आडवी आणि उभी दोन्हीकडे मांडली तर? अशाने सात हजारांवर आकडे एका चौकोनात मावू लागले. पण यंत्राला चौकोन कोठे सुरू होतो ते पटकन कळेना. त्यासाठी तीन कोपऱ्यांत तीन खुणा बसवल्या. या खुणेसारखा दुसरा कोणताही आकार खोक्यावर किंवा कागदावर असू नये, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रे, जाहिराती, पुठ्ठ्यांवरची छपाई असे ढीगभर छापील कागद तपासले, आणि काळ्या-पांढऱ्याचे सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण शोधून काढले. ते आहे एकास एक, तीन, एक, एक. आजही कोणत्याही क्यूआर कोडचा कोपरा मोजून पाहा, हेच प्रमाण मिळेल. मुलांना मोजायला द्यायला हरकत नाही. गुणोत्तराचा याहून ताजा दाखला पुस्तकात नाही.

कारखाना म्हटला की तेल आणि काजळी आलीच. म्हणून चौकोनाचा काही भाग मळला, फाटला, तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवता यावा अशी गणिती तजवीज आत केली आहे. जास्तीत जास्त म्हणजे तिसेक टक्क्यांपर्यंत नुकसान झाले तरी भागते. दप्तरात चुरगळणाऱ्या पुस्तकाला ही सोय किती उपयोगी पडली, ते हारांच्या स्वप्नातही नसेल. १९९४ साली हा कोड बाहेर आला, आणि कंपनीने त्याचे एकस्व घेऊनही इतरांना तो मोकळेपणाने वापरू दिला. तसे केले नसते, तर तो भाजीवाल्याच्या गाडीवरही आला नसता आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतही आला नसता.

जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत तो आला, ती सोलापूर जिल्ह्यातली, माढा तालुक्यातल्या परितेवाडीची. रणजितसिंह डिसले हे तेथे २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी कवितांचे ध्वनिमुद्रण केले, पाठांच्या चित्रफिती केल्या, गोष्टी आणि स्वाध्याय तयार केले, आणि प्रत्येकाचा क्यूआर कोड काढून तो पुस्तकात त्या त्या धड्यापाशी चिकटवला. पुस्तक तेच राहिले. पण मुलाने घरी मोबाइल धरला की गुरुजींचा आवाज येऊ लागला. हा प्रयोग शासनापुढे मांडला गेला, आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये दिल्लीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांबाबतही तीच घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांची रक्कम, आणि तीतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला.

त्या काळात महाराष्ट्रात असे हात ठिकठिकाणी चालत होते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी गावाच्या लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभा केला, आणि तो पाहायला दूरदूरचे शिक्षक जाऊ लागले. पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ या दहा-दहा मिनिटांच्या पाठांचे मराठीसह अनेक भाषांत रूपांतर होत होते. तेथेही चित्र एक आणि आवाज अनेक हीच युक्ती. बालभारती, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेले आपले पाठ्यपुस्तक मंडळ, तिने आपली पुस्तके संकेतस्थळावर ठेवली, ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक ठेवले. आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, केंद्र शासनाने ‘दीक्षा’ हा सर्व राज्यांसाठीचा मंच सुरू केला. पुस्तकातला कोड उघडतो तो या दीक्षेवर. कोडाच्या खाली सहा अक्षरांची एक ओळ छापलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. मोबाइलचा कॅमेरा बिघडला असेल तर ती सहा अक्षरे टंकली तरी धडा उघडतो.

आता माझे मत सांगतो, पटले तर घ्या. परितेवाडीत जो चौकोन होता तो गुरुजींनी आपल्या वर्गातल्या पोरांसाठी केला होता. कोणाला काय अडते ते त्यांना ठाऊक होते. उद्या पोराने विचारले की ‘गुरुजी, तिसरे गणित कळले नाही’, तर ते रात्री दुसरी चित्रफीत करू शकत होते. राज्यभरच्या पुस्तकांत चौकोन छापला गेला तेव्हा तो गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोचला, हे फार मोठे काम झाले. पण त्यामागचा धडा आता दूर कोठेतरी तयार होतो, आणि पोराचा प्रश्न त्या चौकोनातून मागे जात नाही. १९५६ साली निमंत्रकाच्या टपालाने जे साधत होते, ते २०१७ च्या यंत्रात आपोआप आले नाही. जेथे शिक्षकाने तो धडा वर्गात दाखवून थांबवला, विचारले, स्वतःची भर घातली, तेथे तो कामाला आला. जेथे नुसता ‘हा कोड घरी उघडा’ म्हणून सोडून दिला, तेथे तो शोभेचा राहिला.

मग मार्च २०२० आला आणि शाळांना कुलपे लागली. त्या दिवसांविषयी लांबण लावत नाही, सगळ्यांच्या आठवणी ताज्या आहेत. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका काढली. रोजचा अभ्यास आणि दीक्षेवरच्या लिंका शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून घरोघर गेल्या. पण घर म्हणजे काय, तर रहाटणीसारख्या ठिकाणी दहा बाय दहाची खोली, एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर कारखान्यात गेलेला. आणि पुष्कळांचा तर कारखानाच बंद, तेव्हा रिचार्जला पैसे कोठले? ज्यांनी रात्री आठ वाजता बाबा आल्यावर सकाळचा धडा पाहिला, अशी मुले या पट्ट्यात पुष्कळ होती. आणि जी कुटुंबे गावाकडे परत गेली, त्यांच्या मुलांना गटातला धडा मिळत होता, पण गावच्या माळावर रेंज मिळत नव्हती.

तेव्हा जुनी साधने पुन्हा बाहेर निघाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका एम.के.सी.एल. नॉलेज फाउंडेशनने सुरू केली. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळा’ने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले, मुले झाडाखाली बसून ऐकत. आणि नागपूर आकाशवाणीवरून प्रथम संस्थेच्या साहाय्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. रेडिओवर धडा, आणि त्याच्याभोवती आई, मोठी बहीण, गावातला एखादा स्वयंसेवक. चौसष्ट वर्षांपूर्वीची श्रोतृमंडळे ज्यांना आठवत असतील, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटले असेल.

आज साधनांची वाण राहिलेली नाही. मोबाइल हाच कॅमेरा, हेच ध्वनिमुद्रण यंत्र आणि हाच छापखाना. चित्रे जोडणे, नको तो भाग कापणे, शीर्षक घालणे हे त्याच्यातच होते. कोड काढून देणारी संकेतस्थळेही फुकट आहेत. आता तर यंत्राला विषय सांगितला की ते अख्खा धडा लिहून देते, प्रश्नांसकट. तो नीटनेटका दिसतो आणि म्हणूनच जपून वाचावा लागतो; त्यात भीमा आणि नीरा यांची गल्लत झालेली असेल तर पकडायला शिक्षकच पाहिजे.

दोन गोष्टी मात्र अनुभवी शिक्षकही विसरतात. पहिली, कोडात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. चित्रफीत काढून टाकली किंवा हलवली की पुस्तकातला चौकोन आंधळा होतो. म्हणून मूळ चित्रफितीची एक प्रत शाळेच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवावी. दुसरी, फुकट वाचायला मिळते म्हणजे हवे तसे छापायला मिळते असे नव्हे. २००२ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे परवाने निघाले आहेत. त्यांतला कोणता परवाना आहे ते पाहिले की नक्कल करावी, भाषांतर करावे की नाही, ते कळते. आपण केलेल्या धड्यावरही तसा परवाना लिहून ठेवला, तर शेजारच्या तालुक्यातली बाई तो न विचारता वापरू शकते.

रहाटणीच्या शाळेचेच घ्या. एका बाकावर लातूरचा मुलगा, शेजारी विजापूरकडची मुलगी, मागे बिहारचा पोरगा. पवनेचे पाणी कोठून येते, कोठे जाते, हा परिसर अभ्यासाचा पाठ तिघांना शिकवायचा आहे. बाईंनी नदीवर जाऊन तीन मिनिटांचे चित्रण करावे. मराठीत स्वतः बोलावे. मग त्याच चित्राला एका आईकडून कानडीत आणि एका बापाकडून हिंदीत आवाज घालून घ्यावा. पोरे तिन्ही ऐकतात, एकमेकांच्या शब्दांना हसतात, आणि ‘आमच्याकडे नदीला असे म्हणतात’ म्हणून भांडतात. त्या भांडणातून पुढचा धडा निघतो. खर्च नाही, खास यंत्र नाही. मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवावा म्हणजे हलत नाही, उजेड खिडकीचा घ्यावा, आणि आवाज भरताना वर्गातला पंखा तेवढा बंद करावा. त्याची घरघर फार येते.